ठाण्यात घर, मुंबईत रेसिडेन्सी: नवीन जॉइन होणाऱ्यांसाठी

दरवर्षी पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या, काउन्सेलिंगचे (जागावाटपाचे) राउंड सुरू झाले की मला दोन-चार तरी फोन येतात, कुणाची भाची, कुणाच्या मैत्रिणीची सून, आणि प्रश्न एकच, मॅडम तुमचं तर लग्न झालेलं होतं, मूल होतं, तरी ठाण्याहून ये-जा करून एमडी केलंत ना, जमतं का? जमतं, पण रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात ड्युटी करत करायचं हे पीजी, घर सांभाळून कसं जमतं ते फोनवर सांगताना अर्धं राहतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी वर्तकनगरला, घरात नवरा, सासूबाई आणि जॉइन झाले तेव्हा अडीच वर्षांचा मुलगा. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, माझं कॉलेज दादरच्या पलीकडे, ब्रांच मेडिसिन. त्वचा, डोळे, पॅथॉलॉजी, पीएसएम (सामाजिक वैद्यक) वाल्यांनी यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल, तुमचं आयुष्य बरं असतं. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेड्स, ऑर्थोवाल्यांनी मात्र नीट वाचा.

पहिलं काम, सीट लॉक करायच्या आधीचं

ठाण्याहून सीएसएमटी रुळाने ३४ किलोमीटर, त्यामुळे नकाशात सगळं जवळच वाटतं. पण घराच्या दारापासून वॉर्डच्या दारापर्यंत किती मिनिटं लागतात तेच मोजायचं. माझं असं होतं: घरातून खाली उतरून टीएमटीची बस किंवा शेअर रिक्षा मिळून स्टेशन २५ मिनिटं, पुलावरची गर्दी आणि गाडीची वाट १०, फास्ट लोकलने दादर अर्धा तास, मग पूल, प्लॅटफॉर्म बदलणं, स्लो, चालणं मिळून आणखी २५. म्हणजे दीड तास, आणि परत येताना तेवढाच. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे राहत असाल तर नुसतं स्टेशन गाठण्यातच तासभर जाऊ शकतो, तेव्हा तिथल्या लोकांनी हे गणित दोनदा करा.

आणि एकदा खरंच जाऊन बघा. रविवारी मिस्टरांबरोबर गाडीने जाऊन कॉलेजचा गेट बघून येणं याला ट्रायल म्हणत नाहीत. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी सातला वॉर्डमध्ये असायचंय असं धरून निघा आणि संध्याकाळी साडेसहाला दादरहून ठाण्याकडे येणाऱ्या फास्टमध्ये चढून दाखवा. चढता आलं तर पुढचं बोलू.

नवी मुंबईवाल्यांचं गणित वेगळं. सायनच्या कॉलेजला हार्बर लाइनवरून जीटीबी नगर सरळ पडतं, जेजेला सँडहर्स्ट रोडवरून चालत जाता येतं, परळला जायचं तर कुर्ल्याला उतरून सेंट्रलची गाडी. रँकमध्ये बसत असेल तर कळव्याचं राजीव गांधी, नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम ही नावंही यादीत घराजवळची म्हणून विचारात घ्या, खाजगी कॉलेजची फी हा वेगळा विषय आहे, तो घरच्यांबरोबर बसून सोडवा. "मोठ्या" कॉलेजच्या नावासाठी रोजचे तीन तास द्यायचे का, याचं माझं उत्तर मेडिसिनसाठी हो होतं, कारण पेशंट बघूनच हात बसतो. तुमचं नाही असू शकतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

हॉस्टेलची खाट सोडू नका

ही चूक लग्न झालेले सगळे करतात. घर ठाण्यात आहे, कशाला रूम, असं म्हणून अर्जच करत नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पीजी नियमावलीत कॉलेजने राहायची सोय देणं बंधनकारक आहे आणि विद्यार्थ्याने तिथे राहणं मात्र बंधनकारक नाही, म्हणजे तुमच्या सोयीचं आहे सगळं. रूम मिळेल तशी मिळेल, तिघींत एक, पंखा आवाज करणारा, पण एक खाट आणि एक कुलूपवालं कपाट तुमच्या नावाचं पाहिजे. रात्री बारा वाजता वॉर्डमधून सुटलात आणि सकाळी सहाला परत सॅम्पल काढायला यायचंय, तर ठाण्याला जाऊन येणं म्हणजे झोप तीन तासांवर आणणं. शिवाय साडेबारा-एकनंतर पहाटे चारपर्यंत लोकल नसतेच.

मी पहिले दोन महिने हट्टाने रोज घरी जायचे. मुलगा झोपलेला असताना पोचायचे, तो उठायच्या आत निघायचे. म्हणजे त्याला आई दिसत नव्हतीच, आणि मलाही झोप मिळत नव्हती. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, अगं कुणासाठी येतेस तू? त्या दिवसापासून ठरवलं, तो जागा असताना किमान तासभर मिळणार असेल तरच ठाणे, नाहीतर हॉस्टेल. पहिल्या रात्री रडले, दुसऱ्या रात्री सहा तास झोपले.

युनिटचं चक्र समजून घ्या आणि ते फ्रिजवर लावा

पहिल्या आठवड्यात जे काही शिकाल ते शिकाल, पण युनिटचे, म्हणजे तुम्ही ज्या डॉक्टरांच्या गटात आहात त्याचे, वार कुठले ते लगेच लिहून घ्या. ओपीडी कधी, ओटी (ऑपरेशन) असेल तर कधी, इमर्जन्सी कुठल्या वारी, मोठ्या सरांचा राउंड कधी. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी आठला सुरू झालेलं काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालतं, कारण रात्रभर आलेल्या ॲडमिशन पोस्ट-इमर्जन्सी राउंडला तुम्हालाच प्रेझेंट करायच्या असतात. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सीच्या आदेशात सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्याला साधारण ४८ तास असं लिहिलेलं आहे. वाचून हसू येतं, पण माहीत असू दे, मार्डवाल्यांशी (रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेशी) बोलताना उपयोगी पडतं.

तर हे चक्र घेऊन मी एक कागद केला, महिन्याचा, चौकोन आखलेला, चार स्केचपेन. लाल म्हणजे इमर्जन्सी, आई घरी नाही. पिवळा म्हणजे पोस्ट-इमर्जन्सी, आई घरी येईल पण तिला हात लावायचा नाही. निळा म्हणजे उशीर, जेवून घ्या. हिरवा म्हणजे आई आपली. फ्रिजवर लावला, मुलाच्या उंचीला. त्याला वाचता येत नव्हतं पण रंग कळायचे, सकाळी दूध पिताना जाऊन बघायचा, "आज लाल का?" आणि लाल असला तर मुकाट्याने आजीकडे वळायचा. शाळेत बाईंनी तुझी आई काय करते विचारलं तर म्हणाला, माझी आई इमर्जन्सी आहे.

सांगायचा मुद्दा, घरचे तुमच्या नसण्याला सरावतात. ज्याला सरावत नाहीत ते म्हणजे "येते आठपर्यंत" आणि मग साडेदहा. पोर दाराशी बसून राहतं, सासूबाई जेवायच्या थांबतात, नवरा चिडतो, आणि तुमचाही दोष नसतो कारण पावणेआठला कुणीतरी पेशंट गॅस्प करायला, म्हणजे अखेरचे श्वास घ्यायला, लागलेला असतो. म्हणून वेळ सांगूच नका, रंग सांगा. आणि मेसेजचा एक नियम आमच्या घरात होता तो घ्या: "निघतेय" हा मेसेज करायचा नाही, "गाडीत बसले" हाच करायचा, कारण वॉर्डमधून निघतेय म्हणाल्यापासून खरंच निघेपर्यंत दोन डिस्चार्ज समरी, एक नातेवाईक आणि सिस्टरांची एक हाक येतेच येते. गाडीत बसले म्हणजे पाऊण-एक तासात घरी, त्यावर नवरा कुकर लावू शकतो.

लोकलचं थोडं

पास त्रैमासिक काढा, तीन मासिकांपेक्षा स्वस्त पडतो आणि दर महिन्याची कटकट जाते. परवडत असेल तर फर्स्ट क्लास, स्टायपेंडमधून तेवढा खर्च स्वतःवर करा. जाताना वेळ असेल तर ठाण्याहून सुटणारी स्लो पकडा, बसायला मिळतं, दादरला दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचाल पण त्यात वीस पानं वाचून होतात किंवा वीस मिनिटं डोळा लागतो. माझं अर्ध्याहून जास्त थिअरी वाचन स्लो गाडीतच झालंय. फास्टमध्ये उभं राहून वाचता येतं म्हणणारे लोक खोटं बोलतात.

येताना, विशेषतः पोस्ट-इमर्जन्सीला, ठाणे लोकलच घ्यायची. कल्याण, कर्जत, कसारा पाटी दिसली की कितीही रिकामी असो, सोडा. झोप लागली तर ठाणे लोकल ठाण्यालाच थांबणार, असा माझा हिशोब होता आणि तो एकदा सपशेल चुकला. छत्तीस तासांची ड्युटी करून खिडकीत बसले, डोळे मिटले, गाडी ठाण्याला आली, रिकामी झाली, परत भरली, चढलेल्या बायकांना वाटलं ही मुंबईकडे निघालेली कुणीतरी आहे, झोपू दे बिचारीला. जाग आली तेव्हा बाहेर भांडुपची पाटी, आणि दोन मिनिटं मला कळेना की आपण येतोय का जातोय. तेव्हापासून बसल्या बसल्या शेजारणीला सांगायचं, "मावशी, ठाण्याला उठवा हं." कुणीही नाही म्हणत नाही. एकदा तर एका काकूंनी उठवून वर पिशवीतून लाडू दिला.

रविवारी मेगाब्लॉक बघूनच निघा, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मध्ये असतो, मेन आणि हार्बर दोन्हीवर, आणि रविवारीच नेमका तुमचा अर्धा दिवस सुटीचा असतो. पावसाळ्यात कुर्ला-सायन पट्ट्यात पाणी भरलं की सगळं ठप्प, तेव्हा जून ते सप्टेंबर हॉस्टेलच्या कपाटात दोन दिवसांचे कपडे, टॉवेल, चार्जर आणि कोरडा खाऊ ठेवलेलाच पाहिजे. घरी आधीच सांगून ठेवा की पावसाचा लाल अलर्ट म्हणजे मी येत नाही, उगाच टीव्ही बघून फोन करत बसू नका.

आणि हे जरा गंभीरपणे सांगते, रात्रभर जागून गाडी चालवू नका. बाईक तर अजिबात नको. २०२४ च्या ऑक्टोबरपासून मुंबईच्या एन्ट्री पॉइंटवर छोट्या गाड्यांचा टोल बंद झाला तेव्हा आमच्यातल्या दोघांनी लगेच गाड्या काढल्या, आणि एकाला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, दिवसाढवळ्या, सिग्नलला उभं असताना झोप लागली, मागच्याने हॉर्न वाजवून उठवला. सिग्नलला लागली म्हणून वाचला. पोस्ट-इमर्जन्सीला ट्रेन, ट्रेन बंद असेल तर कॅब, कॅब नसेल तर हॉस्टेल.

पोर कुणाकडे

सासूबाई किंवा आई घरात आहे म्हणून सगळं त्यांच्यावर टाकलं की सहा महिन्यांत तुम्ही त्यांना गमावता, प्रेमाने का होईना. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, संध्याकाळी उपवन तलावावर फिरायला जायच्या, त्यांचा एक ग्रुप होता, माझं जॉइनिंग झालं आणि ते फिरणं बंद झालं, आणि हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. एक दिवस म्हणाल्या, "गुडघा दुखतोय गं, पण तू कधी मोकळी असशील तेव्हा दाखवते." घरात डॉक्टर, आणि तिच्याकडे दाखवायला सासूला अपॉइंटमेंट नाही. त्याच महिन्यात दुपारी दोन ते सात एक मावशी ठेवल्या, आईंचं काम फक्त लक्ष ठेवणं, आणि संध्याकाळचं फिरणं परत सुरू. स्टायपेंडचा पहिला वाटा मावशींच्या पगाराचा, मग बाकी सगळं. गाडीचा ईएमआय तीन वर्षं थांबू शकतो.

ज्यांच्याकडे मोठं माणूस नाही त्यांनी पाळणाघर बघताना घराजवळचं बघा, हॉस्पिटलजवळचं नाही. तुम्ही हॉस्पिटलमध्ये असलात तरी पोराला घ्यायला साडेसहाला सुटणार नाही आहात, नवरा सुटेल. आमचा ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने लवकर पोचायचा, म्हणून शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर त्याचा लिहिला. हे छोटंसं काम पण कराच, नाहीतर शाळा सवयीने आईलाच फोन करते आणि तुम्ही लंबर पंक्चर करत, म्हणजे पेशंटच्या मणक्यातलं पाणी काढत, असता.

तापाचा नियम: १०० असेल तर घरचे बघतील, आणि झटका, धाप किंवा पाणीसुद्धा पीत नसेल तर आधी जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचं आणि मग मला फोन. उलट क्रमाने केलं की मी दादरला बसून फोनवरून औषध सांगणार आणि ते कुणाच्याच कामाचं नाही. तो डॉक्टर जॉइन व्हायच्या आधी शोधून, एकदा भेटून ठेवा.

घरी आल्यावर थेट बाथरूम. पोर पायाला मिठी मारायला धावतं हे खरं आहे, पण टीबी वॉर्डमधून आलेल्या कपड्यांनी उचलू नका. आमच्या दाराशी एक बादली असायची, ॲप्रन आणि कपडे त्यात, अंघोळ, मग मिठी. पहिले आठ दिवस तो रडला, नंतर स्वतःच बादली सरकवायचा.

सुट्ट्या

नियमाने वर्षाला २० दिवस पगारी रजा, कामाच्या सोयीनुसार आठवड्याला एक सुटी, ५ दिवस शैक्षणिक रजा, आणि मातृत्व-पितृत्व रजा सरकारी नियमांप्रमाणे. यापेक्षा जास्त रजा झाली तर टर्म तेवढी वाढते आणि वर्षाला ८० टक्के हजेरी लागते, म्हणून मधेच दिवस गेले तर पहिल्याच महिन्यात गाइडला (थिसिसच्या मार्गदर्शकांना) सांगा, लपवून काही मिळत नाही. साप्ताहिक सुटी पहिल्या वर्षी आपोआप मिळत नाही, मागून घ्यावी लागते, आणि ती को-पीजींकडूनच, म्हणजे बरोबरच्या रेसिडेंटकडूनच, मिळते, वरून नाही.

म्हणून को-पीजींशी वागणं हा घर सांभाळण्याचाच भाग समजा. आमच्यात एक मुलगी नागपूरची, एक जण लातूरचा, दोघं अविवाहित, दोघांना सलग चार दिवस घरी जायचं असायचं. मी त्यांचे सलग दिवस कव्हर करायचे, ते माझे सुटे सुटे दिवस. गणपतीचे दीड दिवस मला, दिवाळी त्यांना, हे जूनमध्येच लिहून टाकलेलं, ग्रुपवर, तारखांसकट. तोंडी ठरवलेलं ऑक्टोबरात कुणाला आठवत नाही. आणि "तिला मूल आहे म्हणून तिला लवकर सोडा" ही वाक्यं सुरू झाली की समजायचं आपण घेणं जास्त करतोय आणि देणं कमी. एखादी ३१ डिसेंबरची रात्र न मागता घ्या, वर्षभर पुरते.

डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्ह्याच्या हॉस्पिटलात काम करायचे, तीन महिने असतात, तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये कधीतरी. कुठे पाठवणार आणि कधी, हे ऑफिसात जाऊन लवकर विचारा. जवळचं मिळालं तर ते तुमचे सगळ्यात हिरवे तीन महिने ठरू शकतात, लांबचं आलं तर मावशींचे तास आधी वाढवून ठेवा.

थिसिस

फार बोलत नाही. विषय असा घ्या की ज्याचे पेशंट तुमच्याच वॉर्डात आपसूक येतात, आणि डेटा रोज भरा, त्याच दिवशी, फोनवर शीटमध्ये. शनिवारी बसून भरेन असं जी म्हणते तिचा शनिवार कधी येत नाही, कारण तो शनिवार हिरवा असतो आणि हिरव्या दिवशी लॅपटॉप उघडला की घरात जी शांतता पसरते ती मी अनुभवली आहे.

नवऱ्याशी, बायकोशी

पुरुष रेसिडेंटनी हा भाग वगळू नका, तुमच्या बायका फ्रिजवरचा कागद नसल्यामुळेच जास्त वैतागतात. आम्ही आठवड्यातून एकदा, हिरव्या दिवशी, मूल झोपल्यावर चहा घेऊन अर्धा तास बसायचो. विषय फक्त पुढचा आठवडा: कोण कधी, पैसे किती, गॅस, शाळेची फी. भांडण असेल तर पिवळ्या दिवशी करायचं नाही, हे त्याने कागदावर खाली लिहूनच ठेवलं होतं. मी वॉर्डमधल्या मृत्यूंबद्दल घरी बोलायचे नाही आणि मग भाजीत मीठ कमी म्हणून ओरडायचे, हे त्याने दाखवून दिलं तेव्हा कळलं. तुमचंही असं होत असेल तर एखाद्या सीनियरशी बोला, डिपार्टमेंटमध्ये बोलणं जमत नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे. झोप मिळूनही झोप लागत नसेल, किंवा लोकलच्या दारात उभं राहून नको ते विचार येत असतील तर त्याच दिवशी फोन करा.

बॅग

शेवटचं, बॅग कायम भरलेली ठेवा, दाराशी, तिच्यातलं घरात कुणी वापरायचं नाही. स्क्रब्जचे दोन जोड, आतले कपडे, टूथब्रश, पॉवरबँक, सॅनिटरी पॅड, चिक्की किंवा खाकरा, कारण मेस बंद झाल्यावर कॅन्टीनमध्ये मिळतो फक्त थंड वडा. डबा दोन कप्प्यांचाच न्या, तीन कप्प्यांचा खाऊन होत नाही आणि रात्री वास मारतो. मोजे दोन जोड. पावसाळ्यात चार.